मल्हारराव गायकवाड : इमान, विष आणि न्याय

कोणत्याही जुन्या मराठी ग्रंथालयात पाने सर्वांत आधी सुटी होतात ती रहस्यकथांची. बाबूराव अर्नाळकरांच्या काळा पहाड आणि झुंजार या नायकांनी वाचकांच्या कित्येक पिढ्या ग्रंथालयाच्या दाराशी आणून सोडल्या. पुढे मारिओ पुझो यांच्या १९६९ मधील 'गॉडफादर' कादंबरीने सिसिलीहून अमेरिकेत गेलेल्या गुन्हेगारी घराण्यांचे जग मराठी वाचकालाही परिचयाचे करून दिले. या साऱ्या वाङ्मयाच्या मुळाशी दोन प्रश्न असतात. धन्याच्या मिठाला कोण जागतो आणि कोण फितूर होतो, हा पहिला. आणि जेथे कायद्याचा हात पोहोचत नाही, तेथे न्याय कोणाच्या हातून मिळतो, हा दुसरा. बडोद्याच्या वाचकाला या प्रश्नांचा शोध घेण्यासाठी कल्पित कथेकडे वळण्याचे कारण नाही. अकोट्याहून विश्वामित्रीचा पूल ओलांडून जुन्या शहरात शिरले, की ज्या राजवाड्यांच्या परिसरात हे दोन्ही प्रश्न एका राजाच्या जीवनात उभे राहिले, तेथे पोहोचता येते. तो राजा म्हणजे मल्हारराव गायकवाड.

मल्हाररावांचा जन्म १८३१ चा. दुसऱ्या सयाजीरावांचे ते पुत्र. सयाजीरावांच्या पश्चात १८४७ मध्ये गणपतराव गादीवर आले आणि त्यांच्या निधनानंतर १८५६ मध्ये खंडेराव. खंडेराव शरीराने बळकट, कुस्तीचे व शिकारीचे शौकीन आणि वैभवाच्या प्रदर्शनात कोणालाही हार न जाणारे होते. त्यांनी चांदीच्या तोफा ओतविल्या, मोत्यांचा गालिचा विणवून घेतला आणि 'स्टार ऑफ द साउथ' नावाचा जगप्रसिद्ध हिरा बडोद्याच्या जामदारखान्यात आणला. अशा थोरल्या भावाच्या सावलीत धाकट्याचे आयुष्य संशयाने ग्रासले जावे, ही त्या काळच्या राजघराण्यांची जणू रीतच होती. १८६३ मध्ये खंडेरावांच्या जिवावर उठल्याचा आरोप मल्हाररावांवर आला आणि त्यांना पाद्रे येथे बंदीत ठेवण्यात आले. आरोप सप्रमाण सिद्ध करावा, आरोपीला आपली बाजू मांडू द्यावी, अशी व्यवस्था त्या वेळच्या संस्थानी कारभारात नव्हती. महाराजांचा संशय हाच पुरावा आणि महाराजांची मर्जी हाच निकाल. मल्हाररावांनी ऐन उमेदीची सात वर्षे त्या बंदिवासात काढली.

२८ नोव्हेंबर १८७० रोजी खंडेराव वारले आणि पाद्र्याच्या कैद्याला राजधानीत बोलावणे आले. मात्र राज्यप्राप्तीवरही अनिश्चिततेचे सावट होते. खंडेरावांच्या पत्नी जमनाबाई गरोदर होत्या. त्यांना पुत्र झाला असता तर गादी त्याची ठरली असती. ५ जुलै १८७१ रोजी त्यांना कन्या झाली आणि मल्हाररावांचा मार्ग निष्कंटक झाला. जमनाबाई पुढे पुण्यास जाऊन राहिल्या.

ज्याने स्वतः चौकशीविना कैद भोगली, तो सत्ता हाती येताच न्यायाची चाड धरील, अशी अपेक्षा करणे स्वाभाविक होते. घडले ते उलट. खंडेरावांच्या मर्जीतील माणसे एकामागून एक पकडली गेली. त्यांचे दिवाण भाऊ शिंदे कैदेत पडले आणि १८७२ मध्ये कैदेतच मरण पावले. त्यांना विष घातल्याची वदंता शहरात पसरली. परंतु तिची तड कधी लागली नाही. मल्हाररावांच्या दृष्टीने जुन्या धन्याशी इमान राखणे हाच गुन्हा होता. रिकाम्या झालेल्या जागी त्यांनी स्वतःचे नातलग व भरवशाची माणसे आणून बसविली. पाद्र्याच्या बंदिवासातून त्यांनी एकच धडा घेतलेला दिसतो : राज्यात सुरक्षित तोच, ज्याच्याभोवती त्याचीच माणसे आहेत.

खर्चाचा ओघ तर अनावर झाला. थोरल्या भावाच्या चांदीच्या तोफांना उत्तर म्हणून सोन्याच्या तोफा ओतल्या गेल्या. नजरबाग राजवाडा उठला. तिजोरीला पडलेले खिंडार भरून काढण्यासाठी शेतसाऱ्याचा आणि नजराण्यांचा बोजा वाढत गेला. गाऱ्हाणे ऐकणारे अधिकारी आणि पैसा वसूल करणारे अधिकारी एकच असल्यामुळे रयतेला दाद मागायला जागा उरली नाही. सरदार, सावकार, पाटील, कुणबी असे सारेच नाराज होते आणि प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांना बळजबरीने राजवाड्यात दासी म्हणून नेले जाते, अशाही तक्रारी होत्या.

या असंतोषाला वाचा फुटली ती मार्च १८७३ मध्ये रेसिडेंट म्हणून आलेल्या कर्नल रॉबर्ट फेअर यांच्या आगमनानंतर. फेअर कामसू आणि निर्भय होते; पण तितकेच हट्टी आणि उतावळे. याआधी सिंधमधील पदावरून वरिष्ठांशी झालेल्या वादामुळे त्यांना दूर व्हावे लागले होते. बडोद्यात येताच त्यांनी तक्रारी ऐकण्यासाठी आपला दरवाजा खुला केला आणि रेसिडेन्सीच्या आवारात गाऱ्हाणी घेऊन येणाऱ्यांची रीघ लागली. त्यांच्या अहवालांवरून सर रिचर्ड मीड यांच्या अध्यक्षतेखाली १८७३ च्या अखेरीस चौकशी मंडळ बसले. मंडळाने अनेक तक्रारींत तथ्य असल्याचा निर्वाळा दिला. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी जुलै १८७४ मध्ये महाराजांना ताकीद दिली आणि कारभार सुधारण्यासाठी १८७५ च्या अखेरीपर्यंतची मुदत दिली.

याच काळात मल्हाररावांनी दादाभाई नौरोजी यांना दिवाणगिरीसाठी पाचारण केले. दादाभाईंनी काझी शहाबुद्दीन, बाळ मंगेश वागळे, होरमसजी वाडिया अशा सुशिक्षित सहकाऱ्यांना सोबत आणून न्यायखाते व वसूलखाते ताळ्यावर आणण्याचा प्रयत्न केला. त्यांची कोंडी दुहेरी होती. दरबारातील जुन्या मंडळींना सुधारणा नको होत्या, आणि रेसिडेंट फेअर यांना दादाभाईच नको होते. एका बाजूस धन्याच्या मर्जीला कायदा समजणारे दरबारी, दुसऱ्या बाजूस आपल्या मताला न्याय समजणारा रेसिडेंट आणि मध्ये नियमांचे राज्य आणू पाहणारा दिवाण, असे ते चित्र होते. मल्हाररावांना अटक होण्यापूर्वीच दादाभाईंनी राजीनामा दिला.

दरम्यान, मे १८७४ मध्ये मल्हाररावांनी नवसारी येथे लक्ष्मीबाईंशी विवाह केला आणि १६ ऑक्टोबरला त्यांना पुत्र झाला. फेअर यांनी या विवाहाच्या व पुत्राच्या औरसतेविषयी शंका घेतल्या. वारसाचा प्रश्न हा कोणत्याही राजाचा मर्मबिंदू. २ नोव्हेंबर १८७४ रोजी महाराजांनी व्हाइसरॉयकडे खलिता धाडून फेअर यांना हलविण्याची विनंती केली. त्यानंतर अवघ्या सात दिवसांनी ती घटना घडली, जिने हिंदुस्थानातील आणि इंग्लंडमधील वृत्तपत्रांचे रकाने कित्येक महिने व्यापून टाकले.

९ नोव्हेंबरच्या सकाळी फिरून आल्यावर फेअर यांनी नित्याप्रमाणे टेबलावर ठेवलेले पपनसाचे सरबत तोंडाला लावले. एक-दोन घोट घेताच त्यांना चव विपरीत वाटली आणि थोड्याच वेळात प्रकृती बिघडल्यासारखे झाले. त्यांनी पेला बाहेर रिता केला आणि तळाशी राहिलेला गाळ रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांच्याकडे पाठविला. गाळात सोमल आढळला आणि त्याबरोबर हिऱ्याच्या भुकटीसारखे चकाकणारे कण. मुंबईच्या रासायनिक तपासनिसांनीही तोच अभिप्राय दिला. हिरा पोटात गेला की माणूस मरतो, ही समजूत आपल्याकडे पूर्वापार रूढ आहे. वस्तुतः प्राणघातक होता तो सोमल. पण जामदारखान्यात जगातले दुर्मीळ हिरे बाळगणाऱ्या संस्थानात हिऱ्याच्या भुकटीचे नाव निघताच संशयाची सुई कोणाकडे वळणार, हे सांगावयास नको होते.

फेअर यांच्या जागी सर लुइस पेली आले आणि तपासासाठी मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक साउटर यांना धाडण्यात आले. तपासाचा रोख रेसिडेन्सीच्या नोकरचाकरांवर होता. डिसेंबरच्या अखेरीस रावजी हवालदार फुटला. माफीचे वचन मिळाल्यावर त्याने जबानी दिली, की राजवाड्यातून पैसे मिळत, रेसिडेन्सीतील बातम्या तिकडे पोहोचत आणि महाराजांकडून आलेली पूड त्यानेच सरबतात मिसळली. त्याच्या पट्ट्यात सोमलाची पुडीही सापडल्याचे पोलिसांनी दाखविले. त्याच्या मागोमाग नरसू जमादाराने कबुली दिली. रेसिडेन्सीत वर्षानुवर्षे चाकरी केलेल्या या जमादाराला माफीचे वचन मिळालेले नव्हते. कबुलीनंतर पहाऱ्यात असताना त्याने विहिरीत उडी घेतली. त्याला जिवंत बाहेर काढण्यात आले. आपण कोणाचे मीठ खाल्ले आणि कोणाशी बेइमानी केली, याचा हिशेब या म्हाताऱ्या नोकराला चुकविता आला नाही, एवढे त्या उडीवरून कळते.

१४ जानेवारी १८७५ रोजी मल्हाररावांना अटक झाली आणि कारभार पेली यांच्या हाती गेला. त्याच सुमारास महाराजांचे खाजगी चिटणीस दामोदरपंत यांनाही पकडण्यात आले. धन्याचे पत्रव्यवहार, खर्चाच्या वह्या आणि मनातल्या गोष्टी जाणणारा हा माणूस. पंधरा-सोळा दिवसांच्या कैदेनंतर माफीच्या वचनावर तोही माफीचा साक्षीदार झाला आणि सोमल व हिऱ्याची पूड महाराजांच्या आज्ञेवरून आपण पुरविली, असे त्याने सांगितले. ज्याच्याभोवती त्याचीच माणसे तो सुरक्षित, हा पाद्र्याचा धडा नजरबागेत खोटा ठरला. मर्जीने बांधलेली माणसे भीतीने सुटली.

यानंतर हिंदुस्थानच्या न्यायेतिहासात अपूर्व ठरलेली गोष्ट घडली. एका राजाची चौकशी करण्यासाठी सहा जणांचे आयोग नेमले गेले आणि त्यात निम्मे हिंदी सभासद घेण्यात आले. बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच अध्यक्ष होते; त्यांच्यासह सर रिचर्ड मीड व मेलव्हिल हे इंग्रज सभासद आणि ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह व मुत्सद्दी सर दिनकरराव हे हिंदी सभासद. २३ फेब्रुवारी १८७५ रोजी बडोद्याच्या कॅम्पात कामकाज सुरू झाले. सरकारतर्फे मुंबईचे ॲडव्होकेट जनरल स्कोबल उभे राहिले. मल्हाररावांच्या बचावासाठी इंग्लंडहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील भारी मेहनताना घेऊन आले.

बॅलंटाइन यांनी आपली उलटतपासणी ज्या मुद्द्यावर केंद्रित केली, तो आजही विचार करण्याजोगा आहे. खटल्याचा सारा डोलारा गुन्ह्यात सहभागी असल्याचे स्वतःच सांगणाऱ्या माणसांच्या शब्दावर उभा होता आणि त्या शब्दाची किंमत म्हणून त्यांना जीवदान मिळाले होते. पोलिसांच्या पहाऱ्यात असताना अशी माणसे पोलिसांना हवे तेच बोलणार नाहीत कशावरून? रावजीच्या पट्ट्यातली पुडी इतक्या उशिरा कशी सापडली? फेअर यांना त्यांच्या खबऱ्याकडून विषातील द्रव्यांची माहिती कशी मिळाली? ज्या जवाहिऱ्याकडून हिरे घेतल्याचे सांगितले जात होते, त्याने साक्षीच्या वेळी पहिली जबानी नाकारली. शिवाय ज्याने आठवडाभरापूर्वीच रेसिडेंटाच्या बदलीची रीतसर मागणी केली होती, तो त्याला विष कशासाठी घालील? दुसऱ्या बाजूस राजवाडा आणि रेसिडेन्सीचे नोकर यांच्यात रात्री-अपरात्री भेटीगाठी होत, पैसे दिले जात, हे अनेक साक्षींतून पुढे आले होते आणि ते पुरते झटकून टाकणे बचावालाही शक्य नव्हते. मल्हाररावांनी लेखी निवेदन देऊन आरोप नाकारला.

आयोगाचा कौल तीन विरुद्ध तीन असा दुभंगला. तिन्ही इंग्रज सभासदांना आरोप सिद्ध झाल्याचे वाटले. तिन्ही हिंदी सभासदांना तो तसा वाटला नाही. येथे न्यायाचा प्रश्न सर्वांत टोकदार होतो. एकच पुरावा, एकच साक्षीदार आणि एकच दालन असताना मते नेमकी वंशाच्या रेषेवर विभागली गेली, याचा अर्थ काय घ्यावा? इंग्रज सभासदांना आपल्या सरकारचे भान होते आणि दोन्ही राजांना स्वतःच्या गादीचे, असे म्हणणे सोपे आहे. पण ते सर्वस्वी न्याय्य नव्हे. सर दिनकररावांसारखा अनुभवी प्रशासक फितुरांच्या साक्षीवर विश्वास ठेवावयास कचरला, तर तो विवेकाचा भागही असू शकतो. तशीच सरन्यायाधीश काउच यांच्या कायद्याच्या व्यासंगाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. न्यायाधीशही कोठल्यातरी इमानाने बांधलेला असतो, आणि ते इमान कायद्याशी आहे असा विश्वास उभय पक्षांना वाटेपर्यंत निकालाला न्यायाचे तेज येत नाही, एवढेच या दुभंगातून निष्पन्न होते.

दुभंगलेल्या कौलावर शिक्षा देणे सरकारला अवघड झाले. लंडनमध्ये लॉर्ड सॉल्सबरी यांच्या सल्ल्याने दुसरी वाट काढण्यात आली. १९ एप्रिल १८७५ च्या जाहीरनाम्याने मल्हाररावांना पदच्युत केले. कारण दिले ते विषप्रयोगाचे नव्हे, तर गैरवर्तनाचे, अंदाधुंद कारभाराचे आणि सुधारणेच्या असमर्थतेचे. त्यांच्या संततीचाही गादीवरील हक्क संपला. ज्या कारभारासाठी त्यांना १८७५ च्या अखेरीपर्यंत मुदत दिली होती, त्याच कारभारासाठी मुदत संपण्यापूर्वी त्यांना दूर केले गेले. आणि ज्या गुन्ह्यासाठी चौकशी झाली, त्याचा निकाल लागलाच नाही. राजा दोषी की निर्दोष, हे इतिहासाने आजतागायत ठरविलेले नाही.

२२ एप्रिलला मल्हाररावांना मद्रासकडे रवाना करण्यात आले. त्यानंतर काही दिवसांनी बडोद्यात दंगा उसळला. लक्ष्मीबाईंच्या बालपुत्राला गादीवर बसविण्याचा प्रयत्न झाला आणि तो मोडून काढण्यात आला. विशेष हे, की ज्या राजाविरुद्ध रयतेची गाऱ्हाणी होती, त्याच्याविषयी परक्या सरकारने केलेली वागणूक पाहून सहानुभूती उत्पन्न झाली. महाराष्ट्रात वासुदेव बळवंत फडके यांच्यासारख्या तरुणाने या पदच्युतीविरुद्ध आवाज उठविला. नाटककारांनीही हा विषय लगेच उचलला. बंगालीत अमृतलाल बसू यांनी १८७५ मध्येच 'हीरकचूर्ण' हे नाटक रचले आणि मराठीत नारायण बापूजी कानिटकर यांनी मल्हाररावांवर नाटक लिहिले. गुन्हा, राजकारण आणि रंगभूमी यांची अशी गाठ आपल्याकडे इतक्या तातडीने क्वचितच पडली असेल.

मद्रासमध्ये मल्हाररावांचा मुक्काम डव्हटन हाउस या प्रशस्त बंगल्यात होता. याच वास्तूत पुढे विमेन्स ख्रिश्चन कॉलेज आले. पाद्र्यातील कैद भावाच्या संशयामुळे होती, ही परकीय सत्तेच्या निर्णयामुळे. रीतसर न्यायनिवाडा दोन्हींच्या मुळाशी नव्हता. एका कैदेतून सुटून ते सिंहासनावर आले होते. दुसरीतून परत येणे नव्हते. २६ जुलै १८८२ रोजी ते निवर्तले. त्यांच्या आयुष्यातील सुमारे चौदा वर्षे बंदिवासात गेली आणि राज्य त्यांनी केले ते जेमतेम साडेचार वर्षे.

बडोद्याने त्यांच्या जीवनापासून जो बोध घेतला, तो मात्र वाया गेला नाही. जमनाबाईंनी परत येऊन २७ मे १८७५ रोजी कवळाण्याच्या बारा वर्षांच्या गोपाळरावांना दत्तक घेतले. हेच सयाजीराव महाराज तिसरे. त्यांच्या अल्पवयात दिवाण सर टी. माधवराव यांनी वसूल आणि न्याय ही कामे वेगळी केली, न्यायालयांची उतरंड घातली आणि त्यांच्या शिरोभागी वरिष्ठ न्यायालय ठेवले. कोणाला कैद करावयाचे झाल्यास कारण लिहून ठेवावे लागू लागले; निकालावर अपील करता येऊ लागले. आज या गोष्टी साध्या वाटतात. पण पाद्र्यात सात वर्षे काढणाऱ्या मल्हाररावांना, किंवा कैदेत मेलेल्या भाऊ शिंद्यांना त्या मिळाल्या असत्या, तर बडोद्याचा इतिहास निराळा झाला असता. सयाजीरावांनी पुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० पासून अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांच्या साहाय्याने गावोगावी वाचनालयांचे जाळे विणले. वाचणारी रयत राजाच्या मर्जीवर विसंबून राहत नाही, ती नियम विचारते, हे त्या द्रष्ट्या राजाने ओळखले होते.

गुन्हेगारी घराण्यांच्या कादंबऱ्यांत गरजू माणूस बलाढ्य धन्याच्या दारी जातो, त्याचा हात चुंबतो आणि न्यायाची भीक मागतो. वाचकाला तो प्रसंग भव्य वाटतो. परंतु तेथे मिळतो तो न्याय नसून उपकार असतो, आणि त्या उपकाराची परतफेड इमानाने, म्हणजे बहुधा आणखी एका गुन्ह्याने, करावी लागते. मल्हाररावांचा दरबार याच तत्त्वावर चालला होता. म्हणून त्यांच्या पडत्या काळात त्यांच्यामागे कायदाही उभा राहिला नाही आणि माणसेही. त्यांचा नजरबाग राजवाडाही कालांतराने मोडकळीस आला आणि पाडला गेला. सयाजीरावांच्या राजवटीत उभी राहिलेली न्यायमंदिराची इमारत मात्र लहरीपुऱ्याजवळ अजून उभी आहे. दीर्घकाळ तेथे न्यायालये भरत असत आणि शहरातल्या सामान्यातल्या सामान्य माणसाला, कोणाच्याही ओळखीवाचून, तेथे दाद मागता येत असे. पाद्र्याच्या कैद्याला जे दार कधी दिसले नाही, ते पुढच्या पिढीतल्या बडोदेकरांसाठी उघडे राहिले.